चकाकीची वजाबाकी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकासाठी लेख लिहायचा म्हणजे तो निसर्गावर, आईवर किंवा निदान बेकारीवर तरी असावा, असा एक अलिखित संकेत आहे. मी मोटारीच्या पॉलिशवर लिहीत आहे. कारण इतकेच की, गेली दोन वर्षे सकाळची व्याख्याने आटोपली की दुपारी मी एका गॅरेजमध्ये गाड्यांच्या रंगावर बफ मारतो आणि कॉलेजची फी त्यातूनच निघते. हे काम करता करता माझे एक मत बनले आहे. ते आमच्या धंद्यातल्या मंडळींना आवडणार नाही. पण वाचकांपैकी कित्येकांच्या घरी आज गाडी आहे आणि उरलेल्यांच्या घरी उद्या येईल, म्हणून ते लिहून टाकतो.

गॅरेजच्या दारात गाडी उभी करून जवळजवळ प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलतो, "जरा पॉलिश मारून द्या." या एका शब्दात तीन निरनिराळी कामे दडलेली असतात. रंगावरचे ओरखडे घासून काढायचे, की ते नुसते झाकायचे, की रंग जसा आहे तसा राखायचा? तिन्हींचा माल वेगळा, मेहनत वेगळी आणि परिणामही वेगळा. परंतु गिऱ्हाईक विचारत नाही आणि गॅरेजवाला सांगत नाही. आमचा अर्धा धंदा या न विचारण्यावर चालतो, असे मी म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

पॉलिश म्हणजे गाडीला काहीतरी चांगले लावणे, ही समजूत मुळातच चुकीची आहे. पॉलिशने गाडीवरचे काहीतरी निघून जाते. घरातला पितळेचा तांब्या आपण चिंचेने आणि राखेने खुशाल घासतो, कारण पितळ आतबाहेर पितळच असते. थोडे झिजले तरी खाली तेच. पण कल्हईच्या पातेल्याला कुणी विटेच्या चुऱ्याने घासत नाही. घासले तर कल्हई जाते आणि मग कल्हईवाल्याची वाट पाहत बसावे लागते. आजच्या मोटारीचा रंग या कल्हईच्या जातीचा आहे.

पूर्वी तसे नव्हते. आमचे मिस्त्री अॅम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात तयार झालेले. त्या गाड्यांवर रंगाचाच थर सगळ्यात वर असे. उन्हाने तो पांढरट पडे, बोट फिरवले तर खडूसारखी भुकटी लागे. रबिंग केले की ती मेलेली कातडी निघून खालचा ताजा रंग वर येई आणि फडके लाल किंवा निळे होई. दसरा-दिवाळीला गाडीला रबिंग करून घेण्याची रीत तेव्हाची. गाड्या बदलल्या, रीत मात्र तशीच राहिली. आजच्या गाडीला पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा ४०-५० मायक्रॉनचा. माणसाच्या डोक्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या थरावर आम्ही दर दिवाळीला मशीन फिरवतो तो केसापेक्षाही पातळ. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारी द्रव्येही याच थरात घातलेली असतात. दर खेपेला त्यातले दोन-चार मायक्रॉन निघून जातात. सोनाराच्या दुकानातली धूळ धुऊन त्यातले सोने काढणारा झारेकरी तरी असतो. आमच्या पॅडवर चिकटलेला क्लिअर कोट परत मिळवून देणारा कुणी नाही.

एवढे लक्षात घेतले की मालाची निवड कशी करावी, हे निम्मे उलगडते. कंपाउंड काय किंवा पॉलिश काय, दोन्हींत घासणारे कण असतात. बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, म्हणजे कुरुंदाच्याच द्रव्याचे. कंपाउंडमधले भरड, पॉलिशमधले बारीक. काही पॉलिशांतले कण घासता घासता फुटून आणखी बारीक होत जातात. घाई करून मध्येच हात थांबवला तर ते काम अर्धवट राहते. सर्वात बारीक पॉलिश आणि सर्वात मऊ पॅड घेऊन बॉनेटवर वीतभर जागेत आधी घासून पाहावे. तेवढ्याने भागले नाही तरच एक पायरी वर चढावे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी याच्या अगदी उलट चालते. भरड कंपाउंडने सुरुवात केली की काम झटपट होते आणि झटपट कामालाच आमच्याकडे 'हात बसलेला' म्हणतात.

बाटलीपेक्षाही पॅडकडे अधिक लक्ष द्यायला हवे, असे माझे मत आहे, कारण तेच पॉलिश पॅड बदलले की वेगळे वागते. लोकरीचे पॅड सर्वात जोरात कापते आणि मागे बारीक रेघा ठेवून जाते. फोमचे पॅड कडक असेल तर कापते, मऊ असेल तर फक्त चमक आणते. मायक्रोफायबरचे पॅड कापण्यात लोकरीच्या जवळपास जाते. नवख्याला वाटते की पॅडच्या रंगावरून ते ओळखता येईल. तसे मुळीच नाही. एका कंपनीचे पिवळे पॅड सगळ्यात कडक, तर दुसरीचे पिवळे सगळ्यात मऊ. म्हणून ते अंगठ्याने दाबून पाहावे आणि डब्यावरचे वाचावे. आणि जमिनीवर पडलेले पॅड धुतल्याशिवाय गाडीला लावू नये. हे सांगावे लागते, कारण मी ते उचलून पँटला झटकून पुन्हा लावलेले कितीदा तरी पाहिले आहे.

मशीनचीही गोष्ट तशीच. एकाच आसाभोवती गरगरणारे मशीन एका जागी रेंगाळले की रंग तापतो. दुहेरी चालीचे मशीन फिरता फिरता हलतेही, त्यामुळे ते सावकाश कापते पण चूक पोटात घालते. मी पहिल्याच महिन्यात लोकरीचे पॅड आणि गरगरणारे मशीन घेऊन एका लाल गाडीच्या दाराच्या काठावरून गेलो. पाच सेकंदांत बोटभर लांबीची पांढरी रेघ उमटली. तो प्रायमर होता. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "आरं, काठावर रंग पातळ असतोय. तिथं टेप लावाय पाहिजे." ओला रंग धारदार काठावरून मागे सरकतो आणि तिथला थर पातळच वाळतो, हे मला पुढे कळले. दार पुन्हा रंगवावे लागले. पैसे तीन महिने माझ्या पगारातून गेले. ते योग्यच झाले. चूक दिसली, तिची किंमत ठरली आणि ती ज्याची त्याने भरली.

दुसरी चूक कुणाला दिसली नाही.

एक निवृत्त गृहस्थ मुलीच्या लग्नाआधी काळी गाडी घेऊन आले. काळ्या रंगावर काही लपत नाही. उन्हात सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे दिसत होती. (ओरखडे खरे तर सगळ्या दिशांनी असतात, प्रकाश परतवतात ते मात्र त्याच्या भोवती आडवे आलेलेच, म्हणून ते वर्तुळ भासते.) नीट घासून काढायला दीड-दोन दिवस हवे होते आणि लग्न परवावर आले होते. मालक म्हणाले, "भरून सोड." भरणे म्हणजे तेल आणि मेण असलेले एक मलम हाताने चोळून ओरखड्यांच्या खाचा बुजवणे. संध्याकाळी गाडीत तोंड दिसू लागले. पैसे पॉलिशचे घेतले. गृहस्थांनी मला खुशीने शंभर रुपये दिले, तेही मी घेतले.

महिन्याभरात ते परत आले. वर्तुळे जशीच्या तशी होती. अर्थातच! चार वेळा साबणाने धुतल्यावर खाचांतले तेल निघून गेले होते. पण त्यांनी आपल्या मनाशी निकाल लावूनच टाकला होता. त्यांच्या इमारतीत रोज पहाटे गाड्या पुसणाऱ्या पोराला त्यांनी काढून टाकले होते. "त्याच्या घाणेरड्या फडक्याने एवढ्या छान पॉलिशची वाट लावली," ते म्हणाले. मालकांनी मान डोलावली, "हे पुसणारे सगळे असेच हो, साहेब." मी मशीन हातात धरून तिथेच उभा होतो आणि एक शब्द बोललो नाही.

प्रामाणिकपणे सांगायचे तर मूळचे ओरखडे बहुधा त्याच पोराच्या फडक्याचे असतील. एक बादली, एक फडके आणि पंधरा गाड्या. ऊसवाहतुकीच्या दिवसांत आमच्या कोल्हापुरात गाडीवर जी धूळ बसते ती तशा फडक्याखाली पाणीपेपरसारखीच काम करते. पण पंधरा गाड्यांना एक बादली पुरेल इतकाच पगार त्याला देणारे कोण? आणि त्या महिन्यात त्याने नवे काही बिघडवले नव्हते. बिघडलेले आम्ही झाकले होते आणि झाकल्याचे सांगितले नव्हते.

भरणे हे काम वाईट आहे असे मी म्हणत नाही. लग्नापुरती गाडी चमकवायची तर तेच शहाणपणाचे, कारण त्यात क्लिअर कोट खर्च होत नाही. फक्त तसे सांगावे आणि पैसे त्याचेच घ्यावेत. गिऱ्हाइकाच्या हातात एक साधी परीक्षा आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून मऊ कापडाने वीतभर जागा पुसून घ्यावी. तेल-मेण निघते आणि रंग खरोखर सुधारला आहे का ते उन्हात दिसते. पैसे देण्याआधी एवढे करायला सांगितले तर कुठलाही प्रामाणिक कारागीर रागावणार नाही. आणि ज्या ओरखड्यात नख अडकते तो घासून काढायच्या भरीस पडू नये. तो क्लिअर कोटच्या मानाने फार खोल असतो.

आता राहिले मेण. उत्तम मानले जाणारे कार्नोबा मेण ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून खरवडून काढतात. ते ८२ ते ८६ अंशांना वितळते आणि विटेसारखे कडक असते. त्यामुळे डबीतले मऊ मेण 'शंभर टक्के कार्नोबा' असूच शकत नाही; त्यात तेले, द्रावके किंवा दुसरी मेणे मिसळल्याशिवाय ते फडक्याला लागणार नाही. हे वॅक्स घासत नाही, नुसते बसते. ऊन-पावसात उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीवर ते महिना-दोन महिन्यांपेक्षा जास्त टिकेल अशी अपेक्षा धरू नये. कृत्रिम सीलंट अधिक टिकते. हल्ली सिरॅमिकचा बोलबाला आहे आणि त्याच्या जाहिरातीत '९ एच' हा आकडा असतो. ऐकणाऱ्याला वाटते, हिऱ्याच्या खालोखाल कठीण! खनिजांचे काठिण्य मोजण्याचे मोह्सचे माप वेगळे. ९ एच हे पेन्सिलींच्या कठीणपणाचे माप आहे. सिरॅमिक टिकते, पाणी झटकते, हे खरे. पण वाळूभरल्या फडक्याने त्यावरही ओरखडे पडतात आणि खालचे ओरखडे न काढता ते मारले तर ते आतच राहतात.

कुणी म्हणेल, गाडी ही वापरायची वस्तू, आठ-दहा वर्षांनी विकायची. एवढा विचार कशाला? मान्य. मग पॉलिशच करू नका. नीट धुवा, वर्षातून तीन-चारदा सीलंट किंवा मेण लावा आणि सोडून द्या. घरच्या गाडीला माझी शिफारस हीच आहे, मालकांनी वाचले तर माझी नोकरी जाईल. परंतु दर दिवाळीला झिजवलेली गाडी पुढे विकत घेतो तो आपल्यातलाच एखादा कारकून किंवा शिक्षक असतो. टपावरचा क्लिअर कोट पापुद्र्यासारखा उडू लागतो तेव्हा गाडी त्याच्या दारात असते, आणि दिवाळीची चकाकी पहिल्या मालकाने उपभोगलेली असते.

तो पोरगा मला पुढे बसस्टँडजवळ भेटला. दुसऱ्या एका इमारतीत त्याला काम मिळाले होते. झालेली हकीकत मी त्याला सांगितली. तो रागावला नाही, नुसता "असू दे" म्हणाला, आणि ते मला जास्त लागले. दुसऱ्या दिवशी मी त्याला एक जादा बादली आणि चार मायक्रोफायबरची फडकी नेऊन दिली. एका बादलीत साबण, दुसरीत फडके खळबळायचे, हे करून दाखवले. परवा त्या बाजूला गेलो होतो. फडकी वापरतो आहे. बादली मात्र एकच दिसली. दुसरी घरी पाणी भरायला ठेवली म्हणाला.