विसर्ग कीं अपूर्णविराम?

आश्वलायन गृह्यसूत्रांत मुलाचें नांव कसें असावें याविषयीं बारीक नियम दिले आहेत. पहिला वर्ण घोष असावा, मध्यें य, र, ल, व यांपैकीं एखादा अंतःस्थ असावा, शेवटीं विसर्ग असावा आणि अक्षरें दोन किंवा चार असावींत, असा त्यांचा आशय. नांव ठेवणारा एक असला तरी तें उच्चारणारे अनेक असतात. तेव्हां नांवास कांहीं मर्यादा असणें योग्यच होय. संगणकावर घरांतील मंडळी रोज जें नामकरण करितात, त्यासहि अशाच मर्यादा आहेत. मात्र त्या सर्व यंत्रांवर सारख्या नाहींत. एकाच कुटुंबांत एकाचें यंत्र विंडोजवर, दुसऱ्याचें मॅकवर व तिसऱ्याचें लिनक्सवर चालत असल्यास त्याचा उपद्रव घरच्या कागदपत्रांस कसा होतो, हें आज सांगण्याचा आमचा विचार आहे.

आमच्या परिचयांतील एका कुटुंबांत आजोबांच्या पत्रव्यवहाराच्या प्रती संगणकावर उतरविण्याचें काम नातवाकडे होतें. त्याचें यंत्र लिनक्सचें. प्रत्येक पत्रास त्यानें मोठ्या आस्थेनें सविस्तर नांव दिलें. कोठें ‘अंत:करणपूर्वक आशीर्वाद’, तर कोठें ‘हें पत्र कोणास?’. पुढें तीं सर्व पत्रें पेनड्राइव्हवर घालून त्यानें चुलत्यांकडे पाठविलीं. नक्कल होत असतां यंत्रानें मधून मधून तक्रार केली; घाईंत तिला ‘वगळा’ असें उत्तर दिलें गेलें. चुलत्यांच्या विंडोज यंत्रावर पत्रें दिसलीं, सर्वांस समाधान वाटलें, आणि मूळ कागदांस कसर लागली आहे, ते आतां रद्दींत घालावे, अशी भाषा सुरू झाली. सुदैवानें थोरल्या काकूंनीं आपल्या माहेरच्या एका पत्राची चौकशी केली, तेव्हां तें सांपडेना. मग मोजदाद झाली. आणि नांवांत अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह असलेलीं सर्व पत्रें मागेंच राहिल्याचें उघड झालें.

याचें कारण या प्रणालींच्या इतिहासांत आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ मध्यें युनिक्स आकारास येऊं लागली. तिनें नांवांत दोनच गोष्टी निषिद्ध मानल्या: एक तिरपी रेघ (/), कारण ती एका फोल्डरांतील दुसरा फोल्डर दाखविण्यास लागते, आणि दुसरें, नांव संपल्याची खूण असलेलें शून्यचिन्ह. लिनक्स हीच परंपरा चालवितें. विंडोजचा वंश निराळा. गॅरी किल्डॉल यांनीं १९७४ मध्यें रचिलेल्या सीपी-एम प्रणालीचे पुष्कळ संकेत १९८१ च्या डॉसनें उचलले. तेथें अपूर्णविराम (:) तबकडीच्या अक्षरापुढें लागे, प्रश्नचिन्ह (?) व तारका (*) हीं ‘येथें कोणतेंहि अक्षर चालेल’ या अर्थानें शोधासाठीं राखलेलीं असत, आणि तिरपी रेघ आज्ञांचे पोटभेद सांगण्यांत गुंतलेली होती. १९८३ मध्यें डॉसमध्यें फोल्डर आले, तेव्हां त्यांकरितां उलटी तिरपी रेघ (\) घ्यावी लागली. <, > आणि | या चिन्हांस एका आज्ञेचें फलित दुसरीकडे वळविण्याचें काम मिळालें. दुहेरी अवतरणचिन्ह धरून हीं नऊ चिन्हें विंडोज आजहि नांवांत घेत नाहीं.

मॅकची तऱ्हा तिसरीच. जुन्या मॅकवर फोल्डर वेगळे दाखविण्याचें काम अपूर्णविरामाकडे होतें. २००१ पासून मॅक युनिक्सच्या पायावर उभा आहे, तरी जुनें वळण सुटलेलें नाहीं. म्हणून तेथें १२/४/१९६२ अशी तारीख नांवांत लिहिली तर ती डोळ्यांस तशीच दिसते, पण आंत तिरप्या रेघेच्या जागीं अपूर्णविराम ठेवला जातो. विंडोजला यांपैकीं एकहि रूप चालत नाहीं.

मराठी लिहिणारांस यांत आणखी विशेष सावधगिरी हवी. ‘प्रातःस्मरण’, ‘दुःख’, ‘अंतःकरण’ या शब्दांत विसर्ग आहे; परंतु टंकलेखनांत पुष्कळ जण त्या जागीं अपूर्णविरामाचे दोन ठिपके देतात. डोळ्यांस भेद जाणवत नाहीं, यंत्रास मात्र जाणवतो. विसर्ग हा वर्ण आहे, तो तिन्ही प्रणालींस मान्य आहे; अपूर्णविराम हें विरामचिन्ह आहे, तें विंडोजला वर्ज्य आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह संयोगचिन्हाची कळ दाबली असतां खरा विसर्ग उमटतो. स्तोत्रांच्या नांवांत दंडाऐवजीं उभी रेघ (|) देणेंहि असेंच घातक.

याहून सूक्ष्म प्रकार ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ या शब्दांतील ऱ चा. हा वर्ण संगणकांत एक चिन्ह म्हणूनहि लिहितां येतो, किंवा र आणि त्याखालील नुक्ता अशीं दोन चिन्हें मिळूनहि. मॅकची १९९८ मधील रचना नांव साठवितांना त्याचा असा विग्रह करून ठेवी. २०१७ मध्यें आलेली रचना दिलेलें रूप तसेंच राखते. त्यामुळें जुन्या मॅकवरून आणलेलें ‘दुसऱ्या भावाचें पत्र’ आणि विंडोजवर लिहिलेलें तेंच नांव शेजारीं शेजारीं दोन म्हणून बसतात, आणि एकाचा शोध घेतां दुसरें सांपडत नाहीं.

लांबीचाहि प्रश्न आहे. विंडोजवर नांवास साधारण २५५ चिन्हांची मुभा आहे, तर लिनक्सच्या प्रचलित रचनेंत २५५ बाइटांची. देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तेथें ३ बाइट घेतें, आणि काना, मात्रा, हलन्त हींहि स्वतंत्र मोजलीं जातात. ‘ज्ञानेश्वरी’ हा चार अक्षरांचा शब्द ११ चिन्हांचा, म्हणजे ३३ बाइटांचा होतो. अर्थात् ८५ चिन्हांपुढील मराठी नांव विंडोजवरून लिनक्सवर जातांना अडणार. रोमन अक्षरांत नांवें लिहिणारांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, लिनक्स मोठ्या व लहान लिपींतील अक्षरांस भिन्न मानतें, विंडोज सामान्यतः अभिन्न मानते. तेथें अशीं दोन नांवें एकत्र आल्यास एक दुसऱ्याची जागा घेऊं शकतें.

तेव्हां घरांत सर्वांनीं एकच शिस्त पाळावी. नांवांत अक्षरें, अंक, संयोगचिन्ह व अधोरेघ एवढींच असावींत. शेवटीं टिंब अगर मोकळी जागा नसावी, कारण विंडोज ती मानीत नाहीं. तारीख १९६२-०४-१२ अशी वर्षापासून लिहावी; म्हणजे तिरपी रेघ टळते आणि कागदहि कालक्रमानें लागतात. नांव आटोपशीर ठेवून सविस्तर माहिती कागदाच्या आंत किंवा वेगळ्या सूचींत लिहावी. जुनीं नांवें बदलावयाचीं झाल्यास जुनें व नवें नांव यांची यादी आधीं करावी. नाहीं तर कोणतें पत्र कोणाचें, हें पुढच्या पिढीस उमगणार नाहीं. सर्व फायली एका झिपमध्यें बांधल्यानें काम भागतें, हा समज चुकीचा आहे. गांठोडें बांधतांना दोष झांकला जातो, सोडतांना तो बाहेर येतो.

सर्वांत महत्त्वाचें हें कीं, नक्कल झाल्यावर दोन्हीकडील फायलींची संख्या व एकूण आकार ताडून पाहावा, आणि चार-दोन उघडूनहि पाहाव्या. ही मोजदाद घरांतील कोणाहि शाळकरी मुलास करतां येईल इतकी सोपी आहे. ती होईपर्यंत मूळ कागद, मग तो कितीहि जीर्ण असो, रद्दीवाल्याच्या तराजूंत जातां कामा नये.