उपशाचे गणित आणि एन्नोरची खाडी

चेन्नईच्या उत्तरेला, कोसस्थलैयार नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे एन्नोरची खाडी आहे. या खाडीच्या तळावर गेल्या काही वर्षांत एका परक्या शिंपल्याने अक्षरशः जाजम अंथरले आहे. त्याचे शास्त्रीय नाव मायटेला स्ट्रिगाटा. मूळ घर मध्य आणि दक्षिण अमेरिकेचा किनारा. एन्नोरचे मच्छीमार त्याला 'काक्का आळी' म्हणतात. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले आणि राज्याच्या जलसंपदा विभागाने यंत्रांनी हे शिंपले उपसण्याचा प्रस्ताव मांडला. बातम्या साधारणपणे इथे थांबतात: परकी प्रजाती आली, ती आता काढली जाईल. माझ्या मते खरा प्रश्न इथूनच सुरू होतो. 'किती टन काढले?' हा प्रश्न आपण सवयीने विचारतो, पण त्याच्या उत्तरावरून खाडी सुधारली की नाही, हे कळत नाही.

प्रथम नुकसान काय आहे ते पाहू. हा शिंपला आपल्या कोकणातल्या शिनाण्यांचा दूरचा नातेवाईक. चिवट धाग्यांनी तो खडकाला, खांबाला आणि एकमेकांना घट्ट धरून राहतो; पण इतर अनेक शिंपल्यांप्रमाणे त्याला कठीण आधारच लागतो असे नाही. चिखलाच्या तळावरही तो दाट थर धरतो. कोळंबीला मऊ चिखलात शिरून बसावे लागते. तिसऱ्यांसारख्या स्थानिक शिंपल्यांना वाळूत रुतून राहावे लागते. वर हा थर आला की दोघांचीही जागा जाते. एन्नोरमध्ये पाण्यात उभे राहून किंवा बसून, हातांनी चिखल चाचपून कोळंबी पकडणारी कुटुंबे आहेत. त्यांच्या बोटांना आता कोळंबीऐवजी धारदार कवचे लागतात. ज्यांच्याकडे मोठी होडी नाही, खोल समुद्रात जाण्याची सोय नाही, त्यांचे शेत म्हणजे हा चिखल. त्यामुळे ही चर्चा केवळ जैवविविधतेची नाही.

आता क्षणभर एन्नोर बाजूला ठेवून गोड्या पाण्याच्या तळ्याकडे वळतो, कारण उपशाच्या प्रश्नाचा सर्वांत चांगला धडा तिथे मिळतो. तळ्याच्या काठी वाढणारे पाणकणीस आपण सर्वांनी पाहिले आहे: तलवारीसारखी पाने, वर तपकिरी मखमली कणीस. एका कणसात लाखभराहून अधिक बिया असू शकतात आणि वाऱ्यावर त्या दूरवर जातात. पण तळे व्यापण्याचे त्याचे खरे साधन चिखलातले आडवे खोड, म्हणजे मूलक्षोड हे आहे. पाने कितीही कापली तरी त्यातून नवे धुमारे फुटतात. म्हणूनच दरवर्षी तळे साफ होते आणि दरवर्षी ते पुन्हा भरते.

भौतिकीच्या विद्यार्थ्यांना यात एक सुंदर गोष्ट सापडेल. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. मग हे मूलक्षोड जगते कसे? पाणकणसाच्या पानांत पोकळ्यांचे जाळे असते. पानाच्या आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा दमट, आणि उन्हात थोडी उबदारही असते. पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून वायूंचे विसरण होताना या फरकामुळे आत किंचित जास्त दाब तयार होतो आणि हवा पानांतून खाली मूलक्षोडापर्यंत ढकलली जाते. मग जुन्या, फाटलेल्या पानांतून ती बाहेर पडते. पंप नाही, झडप नाही, केवळ आर्द्रता आणि तापमान यांतील फरकावर चालणारी वायुवीजन व्यवस्था! हे एकदा कळले की काढण्याची रीतही कळते. पाण्याच्या पातळीवर कापलेले पाणकणीस जगते, कारण वाळक्या खुंटांतूनही हवा खाली पोचते. तेच पाण्याखाली कापले आणि खुंट बुडालेले राहिले, तर श्वासनलिका बंद होते आणि मूलक्षोड गुदमरते. श्रम जवळजवळ तेवढेच. फरक फक्त यंत्रणा समजून घेण्याचा.

पण इथेही गोष्ट पूर्ण होत नाही. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स पाणथळीत पाणकणसाने विस्तीर्ण गवताळ प्रदेश गिळला. तिथली प्रजाती परकी नव्हती, ती मूळचीच होती. मग ती आक्रमक कशी झाली? ऊस आणि भाजीपाल्याच्या शेतांतून वाहून आलेल्या फॉस्फरसमुळे. अत्यंत कमी पोषणावर जगणारे मूळचे गवत त्या श्रीमंतीत मागे पडले आणि पाणकणीस पुढे गेले. उपाय म्हणून केवळ कापणी केली गेली नाही; पाण्यातल्या फॉस्फरसची मर्यादा शंभर कोटी भागांत १० भाग इतकी कडक ठरवली गेली आणि शेतांचे पाणी गाळण्यासाठी प्रचंड कृत्रिम पाणथळी उभारल्या गेल्या. गंमत अशी की त्या गाळणाऱ्या पाणथळींत फॉस्फरस शोषण्याचे काम पुन्हा पाणकणीसच करते. वनस्पती तीच, एका जागी समस्या, दुसऱ्या जागी कामगार.

हे सारे थोड्या गणितात मांडू. एखादी प्रजाती जागा मोकळी असेपर्यंत ठरावीक काळात दुप्पट होते असे धरा. तिची नव्वद टक्के संख्या काढून टाकली, तर उरलेल्या दहा टक्क्यांना मूळ संख्येवर यायला साधारण सव्वातीन दुप्पटी लागतात. नव्याण्णव टक्के काढली, तर साडेसहा. म्हणजे शेवटच्या कठीण टप्प्यावर कितीतरी अधिक कष्ट घेऊनही आपण फक्त सव्वातीन दुप्पटींचा अवकाश विकत घेतो. याउलट वाढीचा दर निम्मा केला, तर प्रत्येक दुप्पटीला लागणारा काळच दुप्पट होतो. उपसा संख्या कमी करतो. परिस्थिती सुधारणे दर कमी करते.

आणि तिसरी राशी आहे, जी चर्चेत बहुधा येतच नाही: बाहेरून होणारी आवक. उपशाचा दर वाढीच्या दरापेक्षा सतत जास्त ठेवला, तरी संख्या शून्यावर जात नाही. आवक भागिले त्या दोन दरांतील फरक, या पातळीवर ती स्थिरावते. आवक शून्य नसेल तर निर्मूलनही पूर्ण नाही. हे समीकरण फार सोपे आहे, खरी खाडी त्याहून गुंतागुंतीची आहे, हे मान्य. पण त्यातून निघणारा निष्कर्ष प्रत्यक्षातही दिसतो.

ऑस्ट्रेलियातील डार्विन बंदराचे उदाहरण घ्या. १९९९ च्या मार्चमध्ये तिथल्या बोटींच्या गोद्यांत एक परका शिंपला आढळला. या गोद्यांना पाणी अडवणारी दारे होती. ती बंद केली गेली, आत क्लोरीन आणि मोरचूद सोडले गेले, आणि काही आठवड्यांत प्रजाती संपवली गेली. आवक शून्य करता आली म्हणून हे जमले. अर्थात आतले इतर जीवही त्यात गेले. एन्नोरच्या खाडीला दार नाही. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा तिचे पाणी हलवते, आणि या शिंपल्याची सूक्ष्म डिंभके त्या पाण्यासोबत तरंगत पसरतात. उत्तरेला पुलिकतचे सरोवर आहे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या आयपीबीईएस या आंतरशासकीय मंचाच्या अहवालानेही हेच सांगितले: समुद्रात आणि एकमेकांना जोडलेल्या जलप्रणालींत, एकदा पसरलेल्या प्रजाती आटोक्यात आणण्याचे प्रयत्न बहुतांशी निष्फळ ठरले आहेत, प्रतिबंध हाच सर्वांत परिणामकारक मार्ग. जगभर आक्रमक प्रजातींचा वार्षिक भुर्दंड २०१९ मध्ये ४२३ अब्ज डॉलरांहून अधिक होता, असा या अहवालाचा अंदाज आहे.

मग आवक कुठून होते? या शिंपल्याचा प्रवास पाहिला तर बोट जहाजांकडेच जाते. १९८६ मध्ये तो फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे एका वीजकेंद्राच्या पाणी ओढणाऱ्या नळांत सापडला. नंतर फिलिपिन्स, सिंगापूर, थायलंड. आणि २०१९ मध्ये केरळच्या अष्टमुडी सरोवरातून त्याची नोंद प्रसिद्ध झाली. रिकामे जहाज तोल राखण्यासाठी पोटात पाणी भरून घेते आणि माल भरताना ते दुसऱ्या बंदरात सोडते. त्या पाण्यात डिंभके असतात. जहाजांच्या तळाला चिकटूनही शिंपले प्रवास करतात. एन्नोरच्या मच्छीमारांचा संशय शेजारच्या बंदरांतील जहाजांवर आहे, आणि तो निराधार म्हणता येणार नाही.

यात आपल्याला नवल वाटावे असे काही नाही, हे अधिक बोचणारे आहे. डार्विनमध्ये सापडलेला तोच शिंपला १९६० च्या दशकातच विशाखापट्टणम बंदरात आला होता, आणि पुढे मुंबईच्या गोद्यांतही पोचला. बॅलास्ट पाण्याविषयीच्या ग्लोबॅलास्ट या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाने जगातली जी सहा प्रायोगिक बंदरे निवडली, त्यांत मुंबई होते, आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यानिमित्ताने बंदरातील जीवांचे सर्वेक्षण केले. म्हणजे ज्ञान होते, पद्धत होती, माणसेही होती. बॅलास्ट पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये स्वीकारला गेला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून अमलात आला. सोडलेल्या पाण्याच्या एका घनमीटरमध्ये ५० मायक्रोमीटर वा त्याहून मोठे दहापेक्षा कमी जिवंत जीव असावेत, असा त्याचा निकष आहे. हा निकष मोजता येतो. जी गोष्ट मोजता येते, ती नियमितपणे मोजून जाहीर का होऊ नये?

वाढीचा दर ठरवणारी परिस्थितीही पाहायला हवी. एन्नोरची खाडी निरोगी असताना हा पाहुणा आलेला नाही. औष्णिक वीजकेंद्रांची राख वर्षानुवर्षे तिच्या पात्रात साचली, पाणथळ जमीन भरावाखाली गेली, आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पुरासोबत मनली औद्योगिक परिसरातले तेल खाडीत पसरले. क्षारता आणि तापमान यांतले मोठे चढउतार सहज सोसणारा शिंपला, आणि आधीच थकलेले स्थानिक जीव: ही स्पर्धा समान नाही. तामिळनाडूने २०२२ मध्ये आक्रमक वनस्पतींबाबत धोरण आणले, ते स्तुत्यच. पण त्याचा विषय वनस्पती आहे. खाऱ्या पाण्यातला प्राणी बंदर, मत्स्य, पर्यावरण आणि जलसंपदा अशा चार दालनांच्या मधल्या बोळात उभा राहतो.

'तुम्ही संशोधक मंडळी समीकरणे मांडत बसा, तोवर आम्ही खायचे काय?' असे एखाद्या मच्छीमाराने विचारले, तर तो प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून स्पष्ट सांगतो: उपसा करू नये असे माझे म्हणणे नाही. तो करायलाच हवा, पण समजून. सारा तळ यंत्राने खरवडला तर राखेत दडलेले जड धातू पाण्यात मिसळतील आणि उरलेसुरले स्थानिक शिंपलेही जातील. त्यापेक्षा कोळंबीच्या आणि तिसऱ्यांच्या जुन्या जागा आधी निवडाव्यात. त्या जागा कोणत्या हे मच्छीमारांइतके कोणाला माहीत नाही. तिथला थर, जमेल तिथे त्यांच्याच हातांनी आणि योग्य मजुरी देऊन, काढावा. काढलेले शिंपले काठावर कुजत ठेवू नयेत, नाहीतर भरतीबरोबर ते सारे पुन्हा पाण्यात जाईल. हे जीव पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातले धातू त्यांच्या अंगात साठतात. तपासणीशिवाय त्यांचे खाद्य करण्याच्या कल्पना टाळाव्यात. आणि यशाचे माप टनांत नसावे. साफ केलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर एका वर्षानंतर किती कोळंबी, किती स्थानिक शिंपले परतले, हे माप असावे.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे परके वाटू नये. कोल्हापूरचा रंकाळा, पुण्याचा पाषाण तलाव, पंचगंगेचे पात्र: जलपर्णी काढण्याच्या निविदा आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. सांडपाणी येत राहते, जलपर्णी वाढत राहते, यंत्रे येत राहतात. दरवर्षी खर्च होणारा पैसा हा उपाय राहत नाही. तो सांडपाण्यावर प्रक्रिया न करण्याचा हप्ता होतो.

विद्यार्थी मित्रांना एक विनंती. आपल्या गावातल्या एखाद्या तळ्याची वा खाडीची निवड करा. सफाईच्या आधी, लगेच नंतर आणि सहा महिन्यांनी त्याच जागेवरून छायाचित्र घ्या, एक चौरस मीटरची चौकट टाकून मोजणी करा, आकडे तारखेसह उघडपणे मांडा. यासाठी महागडे उपकरण लागत नाही. असे आकडे हाती असले की 'किती काढले?' या प्रश्नाऐवजी 'किती परत आले, आणि का?' हा प्रश्न अधिकाऱ्यांना विचारता येतो. एन्नोरच्या चिखलात हात घालणाऱ्या माणसाला त्याच्या बोटांनी हे उत्तर केव्हाच दिले आहे. ते उत्तर कागदावर आणण्याचे काम आपले आहे.