चार डॉलरांचे वर्षासन

ह्यूरॉन आणि सुपीरियर या महासरोवरांच्या उत्तर तीरावर राहणाऱ्या अनिशिनाबे लोकांना विचारल्यावाचून कॅनडातील तत्कालीन सरकारने खाणींचे परवाने वाटले, आणि १८४९ मध्ये शिंगवाकोन्स प्रभृती प्रमुखांनी मायका बे येथील खाण ताब्यात घेतली, तेव्हा कोठे जमिनीला मालक आहेत ही गोष्ट सरकारदरबारी रुजू झाली. पुढच्याच वर्षी सरकारच्या वतीने विल्यम रॉबिन्सन याने त्यांच्याशी दोन करारनामे केले. जमिनीच्या बदल्यात वर्षासन ठरले ते जेमतेमच, म्हणजे एका पक्षास ६०० पौंड व दुसऱ्यास ५००. परंतु या मुलखाचे उत्पन्न वाढून सरकारला तोटा न सोसता ही रक्कम वाढविणे शक्य झाल्यास ती वाढविली जाईल, माणशी एक पौंडापर्यंत, आणि त्यापुढे राणीसाहेबांची मर्जी होईल तेवढी, असे वचन त्यांत लिहून दिले होते.

१८७५ मध्ये वर्षासन माणशी चार डॉलर झाले आणि तेथेच थिजले. सडबरीचे निकेल निघाले, अरण्यांतील लाकूड गेले, खजिने भरले; चारांचे पाच काही झाले नाहीत. मर्जी ही मर्जीच, तिला जाब कोण विचारणार, असा सरकारी पक्षाचा युक्तिवाद. शिवाय मुदतीच्या कायद्याचा आडोसा होताच. २६ जुलै २०२४ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हे दोन्ही आधार काढून घेतले, आणि सरकारने त्या वचनाची थट्टा मांडली, अशा आशयाचे खरमरीत शब्दही वापरले.

पणजोबांच्या शब्दासाठी आजच्या करदात्याने भुर्दंड का सोसावा, हा प्रश्न वरकरणी रास्त वाटतो खरा. परंतु त्याच मुलखावर ऑन्टारिओचे प्रांतिक सरकार ज्या आधारे हक्क सांगते, खाणपट्टे देते आणि महसूल घेते, तो आधार हेच करारनामे असल्यामुळे, त्यांतील घेण्याचे कलम चिरंजीव आणि देण्याचे मात्र कालबाह्य, ही वाटणी कोणत्याही दिवाणी अदालतीत टिकणार नाही. ह्यूरॉनकडील लोकांशी २०२३ मध्ये दहा अब्ज डॉलरांचा समझोता जाहीर झाला, ही निम्मी निम्मी रक्कम केंद्राने व प्रांताने द्यावयाची. तो मात्र गतकाळाच्या थकबाकीपुरता आहे. पुढचे वर्षासन ठरविताना पुन्हा एखादा आकडा कोरून ठेवण्यापेक्षा ते त्या भूमीच्या उत्पन्नाशी जोडावे, ठराविक वर्षांनी त्याची फेरतपासणी व्हावी, आणि त्या उत्पन्नाचा जमाखर्च तपासण्याचा अधिकार अनिशिनाबे लोकांच्या हाती असावा.