गोळ्या गिळता गिळता मुदत संपते

कामावर जायची वेळ झाली की डोके ठणकते, छातीत धडधडते, घास उतरत नाही. सुट्टीच्या दिवशी मात्र काही होत नाही. दुकानात, कारखान्यात काम करणाऱ्या कित्येक भगिनी ही तक्रार घेऊन माझ्याकडे येतात. तपासण्या ठीक निघतात. विश्वासात घेऊन विचारले की काहींच्या बाबतीत खरे कारण कळते: मालकाचे वा साहेबाचे अश्लील बोलणे, नको तो स्पर्श. याला आम्लपित्ताची गोळी काय करणार?

उपचार जरूर घ्यावेत. पण 2013 च्या कायद्याप्रमाणे शेवटच्या प्रकारापासून 3 महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते. सबळ कारण असल्यास समिती आणखी 3 महिने देऊ शकते. 'बघू पुढे' म्हणण्यात हे दिवस निघून जातात.

10 किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे अंतर्गत समिती हवीच. दुकान त्याहून लहान असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. घरकाम करणाऱ्या बायकांनाही तेथे दाद मागता येते. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या व औषधांची बिले जपून ठेवावीत. भरपाई ठरवताना मानसिक त्रास आणि उपचारांचा खर्च विचारात घेतला जातो.

घरच्या मंडळींनाही सांगणे आहे. 'सोड ती नोकरी' हा सल्ला सोपा आहे. पण चूक दुसऱ्याची आणि रोजगार तिने का गमवायचा? त्यापेक्षा शेजारी बसा आणि तारखांसह अर्ज लिहायला तिला मदत करा.