कान दोन, हेडफोन सात

आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त गृहस्थ अंत्रुज महालात राहतात. गाण्याचे वेड त्यांना लहानपणापासूनचे. त्यांच्या कपाटात आजमितीस सात हेडफोन आहेत. चतुर्थीला जमलेल्या गोतावळ्यात त्यांच्या सौभाग्यवतींनी सर्वांदेखत विचारले, “अहो, देवाने कान दिले दोन आणि लग्नही झाले एकदाच, मग ह्या सात मुंडावळ्या कशाला?” माटोळीखाली एकच हशा पिकला आणि गृहस्थ निरुत्तर झाले. प्रश्न विनोदाने विचारला गेला असला, तरी तो केवळ हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आज घराघरांतील तरुणांच्या कानांत काही ना काही खुपसलेले असते आणि त्यांच्या श्रवणशक्तीची चिंता वाहण्याची पाळी पालकांवर आलेली आहे. अशा वेळी त्या गृहस्थांची बाजू कोणीतरी मांडावयास हवी.

प्रथमदर्शनी ही सारी चैन वाटते, आणि काहींच्या बाबतीत ती तशी असतेही. परंतु जो तबलजी मैफलीला निघताना दोन-तीन वेगवेगळ्या स्वरांचे तबले बरोबर घेतो, त्याला आपण उधळ्या म्हणत नाही. ज्याला किनाऱ्यावरून रापण ओढावयाची आहे त्याला पागेर चालत नाही, आणि गुडघाभर पाण्यात पागेर फेकणाऱ्याला रापणीचा उपयोग नाही. जाळे पाण्यावरून ठरते आणि मासळीवरून ठरते. हेडफोनचेही नेमके तेच आहे. फक्त त्यातले पाणी डोळ्यांना दिसत नाही, इतकेच.

ह्या उपकरणाचा जन्म मुळी गाण्यासाठी झालेला नाही. अमेरिकेतील युटा प्रांतातील नॅथॅनिअल बाल्डविन ह्या गृहस्थाने १९१० साली स्वयंपाकघरातील टेबलावर दोन कानांचे हेडफोन जुळवले आणि ते तेथील नौदलाने बिनतारी संदेशांसाठी विकत घेतले. १९३७ साली बर्लिनच्या बायर कंपनीचा डीटी ४८ निघाला. हौशी श्रोत्याच्या दिवाणखान्यात ही वस्तू खऱ्या अर्थाने आली ती १९५८ साली. मिल्वॉकीच्या जॉन कॉस ह्यांनी एक सुटसुटीत ग्रामोफोन बाजारात आणावयाचे योजिले होते आणि त्याचे प्रात्यक्षिक दाखविण्यासाठी त्यांनी स्टीरिओ हेडफोन जोडीला ठेवले. लोकांनी ग्रामोफोनकडे पाठ फिरवली आणि हेडफोनभोवती गर्दी केली. म्हणजे लग्नाला आलेला करवलाच वर ठरला! पुढे १९६८ साली जर्मनीतील सेन्हायझर कंपनीने एचडी ४१४ हा पिवळ्या स्पंजाचा हलका हेडफोन काढला. त्याची पाठ उघडी होती. येथपासून हेडफोनांचे दोन पंथ झाले, आणि आमच्या मित्राच्या सातांपैकी निदान दोहोंचे समर्थन ह्या एकाच गोष्टीने होते.

बंद पाठीचा हेडफोन कानाभोवती भिंत उभारतो. बाहेरचा आवाज आत येत नाही आणि आतला बाहेर जात नाही. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गायकाला हाच लागतो. नाहीतर कानातला ठेका मायक्रोफोनमध्ये शिरेल. ह्या भिंतीची किंमत अशी, की स्वर डोक्याच्या आतच घुमल्यासारखा वाटतो. उघड्या पाठीच्या हेडफोनात हवा खेळती राहते. तंबोऱ्याची जोडी गायकाच्या मागे, थोडी अलीकडे-पलीकडे, अशी उमटते. देवळाच्या मंडपात गाणे ऐकलेल्यांना हा फरक समजावून सांगावयास नको. मात्र ह्या उघड्या हेडफोनने शेजारच्या खाटेवरील माणसाची झोप मोडते आणि बसमध्ये तर त्याचा काडीचाही उपयोग नाही. एका वस्तूत दोन्ही गुण आणावेत असा प्रयत्न पुष्कळांनी केला. परंतु दार एकाच वेळी उघडे आणि बंद ठेवता येत नाही.

दुसरी अडचण कानाची आहे. कानाची पाळी आणि आतील नळी ही स्वतःच एक वाद्य आहे. सामान्यतः दर सेकंदास तीन हजार कंपनांच्या आसपासचे स्वर ती आपोआप फुगवते. समोर बसलेल्या गायकाचा आवाज कानात जाताना हा संस्कार निसर्गच करतो. हेडफोन कानाला चिकटलेला असल्यामुळे तो संस्कार त्याला नकली घडवावा लागतो. प्रत्येकाच्या कानाची घडण निराळी. त्यामुळे एकाला गोड वाटणारा हेडफोन दुसऱ्याला कर्कश वाटू शकतो. अमेरिकेतील हार्मन कंपनीचे संशोधक शॉन ऑलिव्ह व त्यांचे सहकारी ह्यांनी गेल्या दशकात ह्या विषयाचा पिच्छा पुरविला. बहुसंख्य श्रोत्यांना साधारण एकाच वळणाचा नाद पसंत पडतो, खर्ज किती असावा ह्यावर तेवढे मतभेद राहतात, असे त्यांना आढळले. आणि किमतीचे काय? २०१७ साली येरून ब्रेबार्ट ह्या संशोधकाने २८३ हेडफोन मोजून पाहिले. त्यांच्या स्वरांच्या समतोलाचा आणि बाजारातील किमतीचा काहीही मेळ त्याला लागला नाही. दहापट पैसे मोजल्याने दसपट गाणे ऐकू येते, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी हा आकडा खिशात ठेवावा.

आमच्या मित्राचा अनुभव ह्याला पुष्टी देतो. केरीच्या केसरबाई केरकर ह्यांचे गाणे म्हणजे आम्हा गोमंतकीयांचा अभिमानविषय. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांबरोबर जी सुवर्णतबकडी अंतराळात धाडली, तीत त्यांची भैरवी आहे. दुसरे यान ५ सप्टेंबरला उडाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. त्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या; वर सुईची खरखर. ह्या खरखरीचा मोठा वाटा वरच्या स्वरांच्या पट्ट्यात असतो. आमच्या मित्राने हौसेने घेतलेला सर्वांत महागडा हेडफोन वरच्या पट्ट्यातील बारीकसारीक तपशील टिपण्यात तरबेज आहे. परिणामी केसरबाईंच्या आधी तो सुई ऐकवतो! त्याच तबकड्या वीस वर्षांपूर्वीच्या, थोड्या मंद वळणाच्या हेडफोनातून ऐकल्या, की खरखर मागे सरते आणि तो पल्लेदार आकार पुढे येतो. उलट अलीकडच्या एखाद्या सरोदवादनाच्या मुद्रणात तारेवरील नखाचा स्पर्श ऐकावयाचा तर महागडाच बरा. येथे चांगला कोणता आणि वाईट कोणता असा प्रश्नच नाही. प्रत्येक मुद्रण आपापली खोड घेऊन येते, आणि तिला जो सांभाळून घेईल तो त्याचा जोडीदार.

हेडफोनला चालविणाऱ्या यंत्राचाही प्रश्न आहे, पण तो थोडक्यात आटोपतो. ३०० किंवा ६०० ओहमचा हेडफोन मोबाइलला जोडला, तर बहुधा तो कुजबुजतो. त्याला स्वतंत्र अँप्लिफायर लागतो. ३२ ओहमच्या हेडफोनाचे काम मोबाइलवर भागते. म्हणून घरात बसून ऐकण्याचा वेगळा आणि बरोबर नेण्याचा वेगळा.

येथवर सगळा रसिकतेचा मामला झाला. ज्या मुद्द्यासाठी आम्ही हा विषय अग्रलेखास घेतला, तो मात्र आरोग्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. ९० डेसिबलवर हीच मर्यादा अवघ्या चार तासांवर येते. आता मडगावहून पणजीला रोज बसने जाणारा विद्यार्थी पाहा. त्याच्याकडे एकच स्वस्त हेडफोन असतो, कानावर नुसता टेकलेला. इंजिनाचा घरघराट, कंडक्टरची शिट्टी, शिवाय चालकाने लावलेली गाणी. ह्या सर्वांवर मात करण्यासाठी तो आवाज वाढवतो, पुन्हा वाढवतो, आणि घरी पोचल्यावर तोच हेडफोन तितक्याच आवाजात चालू राहतो. कानाच्या आतील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. ह्या मुलाला दुसरा हेडफोन हवा आहे, आणि तो चैनीसाठी नव्हे! बाहेरचा आवाज थोपविणारा घट्ट बसणारा हेडफोन प्रवासात वापरला तर गाणे हळू ठेवूनही स्पष्ट ऐकू येते.

ह्याच गरजेतून गोंगाटनाशक हेडफोन जन्मास आले. बंगाली क्रांतिकारकाचे अमेरिकेत जन्मलेले पुत्र अमर बोस १९७८ साली झुरिकहून बोस्टनला विमानाने परतत होते. विमानातील हेडफोनवर इंजिनाची घरघर मात करीत आहे हे पाहून त्यांनी तेथेच गणिते मांडावयास घेतली. बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपावयाचा आणि त्याची नेमकी उलटी लहर कानात सोडून दोहोंना एकमेकांकरवी मारावयाचे, ही ती युक्ती. सामान्य ग्राहकाच्या हाती ती पडावयास २००० साल उजाडले. विमान, आगगाडी, पंखा अशा सलग घरघरीवर ही मात्रा छान लागू पडते; शेजारच्या बाकावरील तावातावाच्या गप्पांवर तितकीशी नाही. शिवाय शांत खोलीत अभिजात संगीत ऐकावयास ह्यांहून साधे, तारेचे हेडफोन पुष्कळदा सरस ठरतात. म्हणजे येथेही पुन्हा दोन आलेच.

आता आमच्या मित्राच्या विरुद्ध बाजूही सांगितली पाहिजे. सातांपैकी चारांचे समर्थन आम्ही करू; उरलेल्या तिघांचे आम्हांला करता आले नाही. ह्या छंदात एक टप्पा असा येतो, की माणूस हेडफोनातून गाणे ऐकावयाचे सोडून गाण्यातून हेडफोन ऐकू लागतो. तीच पाच गाणी पुन्हा पुन्हा लावावयाची, झांजेचा किणकिणाट तपासावयाचा आणि अस्ताईपुरता ख्याल ऐकून दुसरा हेडफोन चढवावयाचा. अंतरा त्याच्या वाट्याला येतच नाही. दुसरे म्हणजे, जोड संख्येने वाढवताना टिकाऊपणाकडे दुर्लक्ष होते. सेन्हायझरचा एचडी ६०० १९९७ साली निघाला. त्याच्या गाद्या आणि तारा बदलून लोक तो आजही वापरतात. ह्याउलट बिनतारी, कानात बसणाऱ्या बहुतेक गोळ्यांतील बॅटरी बदलता येत नाही. ती दमली, की सगळे प्रकरण कचऱ्यात. अशा चार गोळ्या घेण्यापेक्षा दुरुस्त होणारा एक हेडफोन घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एकांताचा आक्षेपही नेहमी घेतला जातो. १९७९ साली सोनीचा पहिला वॉकमन निघाला तेव्हा अकिओ मोरिता ह्यांना एकट्यानेच ऐकणे असभ्यपणाचे वाटले, म्हणून त्यावर दोन हेडफोनांसाठी दोन छिद्रे ठेवली गेली. पुढे पुढे एकच उरले, आणि आता तर पुष्कळ मोबाइलवर एकही नाही. परंतु हेडफोन माणसाला नेहमीच एकटे पाडतो असेही नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक वाजविण्यास २००० सालच्या नियमांनी बंदी घातली, तेव्हा पाळोळ्याच्या किनाऱ्यावर हेडफोन लावून नाचण्याची तोड निघाली. शेकडो माणसे एकत्र नाचतात, आणि हेडफोन काढला तर ऐकू येतात ती वाळूवरची पावले आणि लाटा. गावातील म्हाताऱ्याकोताऱ्यांना झोप मिळते. हा नाच आम्हांला रुचतो की नाही हा प्रश्न निराळा. परंतु शेजाऱ्याच्या कानाचा एवढा विचार करणारी करमणूक विरळाच.

राहिली गोष्ट खरेदीची. चप्पल आपण पायात घालून पाहतो, साडी खांद्यावर टाकून पाहतो. हेडफोन मात्र ऐकून न पाहता, खोक्यावरील चित्र पाहून घ्यावा लागतो. आमच्या मित्राकडील तीन निरुपयोगी हेडफोन असेच, न ऐकता घरपोच मागविलेले आहेत. पणजी-मडगावच्या दुकानदारांनी स्वच्छ पुसलेले चार नमुने आणि एक खुर्ची एवढी सोय ग्राहकासाठी करावी. ग्रंथालयांनी आणि संगीत विद्यालयांनी ध्वनिमुद्रणे ऐकण्यासाठी एखादी खोली राखून तेथे एक उघडा, एक बंद असे दोन चांगले हेडफोन ठेवावेत. ह्याला लागणारा पैसा एका नाट्यमहोत्सवाच्या मंडपखर्चाहून अधिक नाही. आमचे मित्र आपले तीन हेडफोन अशा खोलीला आनंदाने देणगी देतील. त्यांच्या सौभाग्यवतींनी तर कपाटातील तो कप्पा लोणच्याच्या बरण्यांसाठी आधीच मुक्रर करून ठेवला आहे.