पनवेलचा पावसाळा आणि कार्यालयातील संगणक

पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीतील खारघर येथे ‘समीर’ या केंद्र शासनाच्या संशोधन संस्थेचे केंद्र असून, एखादे यंत्र आपल्या विद्युतचुंबकीय लहरींनी शेजारच्या यंत्रात व्यत्यय आणते का आणि बाहेरचा व्यत्यय स्वतः सोसते का, याची तपासणी तेथे होते. कार्यालयीन संगणकाच्या विकासकाळातच ही चाचणी व्हावी लागते, कारण दोष नमुना-यंत्रात सापडला तर मदरबोर्डची मांडणी बदलता येते. उत्पादन सुरू झाल्यावर तीच दुरुस्ती फार महाग पडते.

व्यत्ययाची तपासणी वेगळी आणि सुरक्षितता व टिकाऊपणा यांची तपासणी वेगळी. 2012 च्या केंद्रीय आदेशाने संगणकांसाठी भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची केली. परंतु त्यासाठी लावलेले आयएस 13252 हे मानक मुख्यतः विजेचा धक्का आणि आग यांपासूनच्या सुरक्षिततेचे आहे, टिकाऊपणाचे नव्हे, आणि ग्राहक मात्र नेमका तोच गृहीत धरतो. टिकाऊपणासाठी दमट उष्णतेची चाचणी असते, म्हणजे 40 अंश सेल्सिअस तापमान आणि 93 टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या बंद कक्षात यंत्र अनेक दिवस ठेवून जोडबिंदू गंजतात का, हे पाहिले जाते. खाडीकाठच्या पनवेलमध्ये पावसाळ्यातील हवा अनेकदा इतकीच दमट असते. म्हणून एकगठ्ठा खरेदी करणाऱ्या येथील संस्थांनी निविदेतच या चाचणीचा अहवाल मागावा, असा आमचा आग्रह आहे.