दुधाच्या दातांची कीड

‘दुधाचे दात पडणारच, त्यांची चिंता कशाला?’ असे अनेक घरांत म्हटले जाते आणि काळी पडलेली दाढ तशीच राहू दिली जाते. दुधाच्या दाढा मात्र दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत मुखात असतात. त्या अकाली गेल्यास मागून येणाऱ्या दातांची जागा आकुंचित होते व पुढील दंतपंक्ती वेडीवाकडी होते.

‘कीड’ म्हणजे दात पोखरणारा किडा नव्हे. मुखातील जंतू अन्नातील साखर आंबवून आम्ल तयार करतात व ते आम्ल दात झिजविते, असे बर्लिन येथील अमेरिकन दंतवैद्य डब्ल्यू. डी. मिलर यांनी १८९० साली प्रतिपादिले. १९२४ साली लंडनमध्ये क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून ‘स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स’ हा जंतू वेगळा केला. पुढे १९५४ साली अमेरिकेत जंतुविरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांना भरपूर साखर देऊनही त्यांचे दात किडले नाहीत. साखरेला जंतूंची साथ मिळाल्याशिवाय कीड लागत नाही, हे त्यावरून सिद्ध झाले.

नवजात बालकाच्या मुखात हा जंतू नसतो. बहुधा आईच्या किंवा सांभाळणाऱ्याच्या लाळेतून, उष्ट्या चमच्यावाटे तो येतो. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी स्वतःच्या किडलेल्या दातांवर वेळीच उपचार करून घेणे, हे बालकाच्या दातांचे पहिले रक्षण होय.

आम्लाने दातातील क्षार खर्ची पडतात; लाळ ते पुन्हा जमा करते. मूल दिवसभर थोडथोडे गोड चघळत राहिले, तर लाळेला अवसरच मिळत नाही. जमेहून खर्च वाढला की पेढी बुडते, तसाच दातही खचतो. गोड द्यायचे ते जेवणासोबतच द्यावे. झोपेत लाळ कमी स्रवते. यास्तव दुधाची बाटली तोंडात ठेवून मुलाला निजवू नये.

पहिला दात दिसताच फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दिवसातून दोनदा दात घासावेत. तिसऱ्या वर्षापर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर सहाव्या वर्षापर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. आठवड्यातून एकदा मुलाचा वरचा ओठ उचलून पाहावे. हिरडीलगत खडूसारखा पांढरा डाग दिसल्यास दंतवैद्यांना दाखवावे. कीड त्या अवस्थेत थांबविता येते. खड्डा पडल्यावर मात्र गेलेला भाग परत येत नाही.